मांडवात बसून राहिलेले देव

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला एक मित्र असतो. हा मित्र फार पितो, घरच्यांना छळतो, आणि त्याच्यासाठी काही औषध मिळेल का, एवढंच विचारायचं असतं. लग्नात पंगत उठली की हात धुता धुता कुणीतरी जवळ सरकतो. बाजारात पापलेट कापता कापता कोळीण आवाज खाली आणते. पालघरच्या बँकेत पेन्शनच्या रांगेत एकाने मला आपल्या मित्राची हकिकत सांगितली, तेव्हा त्या मित्राचा वास मला तिथवर येत होता. मी निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण लोकांच्या लेखी मी अजून 'दारूवाली सिस्टर'च आहे. पालघरजवळच्या माहीमला आमच्या वाडीत कुणी पत्ता विचारत आला, तर हेच नाव सांगून त्याला घर दाखवतात. आमच्या यजमानांना ते मुळीच आवडत नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

बोईसरला एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना होता. खाली बाळंतपणं आणि तापाचे पेशंट, वर आमचा व्यसनमुक्तीचा वॉर्ड. खाली एखादं बाळ पहिल्यांदा रडलं की वर आमच्यातला कुणीतरी म्हणायचा, "आलं बघा नवं गिऱ्हाईक," आणि सगळा वॉर्ड हसायचा. कापऱ्या हातांनी चहाचा कप धरणारी माणसं, पण विनोदाला कमी नव्हती. खिडकीतून एमआयडीसीच्या चिमण्या दिसायच्या, आणि वारा तिकडून वाहू लागला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. आता ती इमारत विकली गेली. खाली मोबाइलचं दुकान आहे आणि वर क्लासेस. बोईसरला काही कामाने गेले की माझी मान आपोआप त्या मजल्याकडे वळते, आणि तिथे कुणी हिरव्या चादरी वाळत घातलेल्या नसतात.

आमच्या धंद्यालाही हंगाम असतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. दिवाळीचा बोनस झाला की कंपन्यांतली माणसं यायची. शिमगा झाला की सगळ्या जातीधर्मांची यायची. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, होड्या किनाऱ्यावर चढल्या, की दांडी गावापासून पुढची सगळी किनारपट्टी हळूहळू आमच्या जिन्यावर दिसायला लागायची. बायका मात्र क्वचित. त्या पीतच नाहीत असं नाही. पुरुष पितो ते गावाला कळतं आणि बाई पिते ते घर झाकतं, एवढाच फरक.

लोकांना वाटतं, दारू सोडवणं म्हणजे औषध. औषध लागतंच. रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी सोडू नये, फिट येते, भास होतात, जिवावर बेततं. डॉक्टरच्या नजरेखालीच सोडावी. हे या निमित्ताने सांगून घेते. पण हा कठीण भाग थोड्या दिवसांत उरकतो. तेवढ्याने भांडं घासून लख्ख होतं. पुढे त्यात काय शिजवायचं हे ठरलं नसेल, तर माणूस त्यात पुन्हा तीच ओततो.

म्हणून आमचे डॉक्टर प्रत्येकाला विचारायचे, "तुम्हाला का सोडायची आहे?" फार सज्जन माणूस, आवाज कधी चढला नाही. उत्तरं मात्र ठरलेली असायची. बायकोसाठी, पोरांसाठी, आईच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी. एक इंजिनिअर साहेब आले होते, त्यांनी अशी सुरेख कारणं मांडली की वॉर्डबॉयचे डोळे भरून आले. ते साहेब पुन्हा आले, तेव्हा तीच कारणं त्याच क्रमाने त्यांनी परत सांगितली. मग लक्षात आलं की कारणं बायकोची आहेत, साहेबांनी फक्त पाठ केली आहेत. मी डॉक्टरांइतकी सज्जन नाही. मी विचारायची, "इथून गेल्यावर पहिलं काम काय करणार?" "सुधारणार," असं म्हणाला की मी म्हणायची, "सुधारणं हे काम नव्हे, दुसरं सांगा." बरेच जण चहा मागून विषय बदलायचे. त्यांच्यातल्या काहींना मी शेवटपर्यंत कारण शोधून देऊ शकले नाही, आणि ते चेहरे अजून आठवतात.

आणि ज्याला कारण सापडायचं, त्याचं कारण पाहिलं तर हसू यावं. वामन हा दांडीचा तांडेल, होडीचा प्रमुख. तो दर पावसाळ्यात पाहुण्यासारखा वेळेवर यायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, तू नारळी पौर्णिमेला शपथ घेतली होतीस ना?"

"घेतली ना," तो म्हणाला. "दर्याला शब्द दिला हाय, तुज्या पान्यावर थेंब घेनार नाय. सिस्टर, आठ म्हयने इच्यारा कोनाला पन, घेतला का थेंब? आता होडी किनाऱ्याला, मी पन किनाऱ्याला. शब्द कुठं मोडला?"

दर्याची बिचाऱ्याबद्दल खरंच कुठलीच तक्रार नव्हती. पुढे एका पावसाळ्यात तो आलाच नाही. गणपतीत किनाऱ्यावर भेटला, कोरडा ठणठणीत. मी विचारलं, कशी सोडलीस? तर म्हणाला, "तुमची डाळ. पावसाळा जवळ आला नि ती पिवळी डाळ डोळ्यांसमोर आली. म्हटलं, मेलो तरी चालंल, पन ती डाळ परत नको." मी ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले. पुढे वामनने होडी मुलाच्या ताब्यात दिली आणि आमच्याच स्वयंपाकघरात नोकरीला लागला. ती डाळ त्याने सुधारली आणि मग आमच्या पेशंटना पळवून लावायला डाळही उरली नाही.

वामनमुळे मी एक शिकले होते. कारण शोधताना मोठं काही शोधू नये. तरीसुद्धा जानीबाईच्या वेळी मी आणि डॉक्टर दोघंही फसलो.

सफाळ्याच्या पूर्वेला डोंगराकडे जे पाडे आहेत, त्यांतल्या एका पाड्यावरची ही म्हातारी. वारली. तिला घेऊन आली सुनीता, तिच्या बहिणीची नात. सुनीता बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला होती, बारावी झालेली, तरतरीत. म्हातारीला उलट्या होत होत्या, डोळे पिवळे, हात असे कापत होते की पाणी प्यायला दिलं तर निम्मं छातीवर. वॉर्ड पुरुषांचा, म्हणून माझ्या टेबलाशेजारच्या चादरींच्या खोलीत मी तिच्यासाठी खाट टाकून घेतली. वारली माणसं अहोजाहो फारसं करत नाहीत. ती पहिल्या दिवसापासून डॉक्टरांना 'तू' म्हणायची आणि मला 'बाय'. मग मीही तिला 'तू'च म्हणू लागले.

"जानीबाय, किती पितेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"पिते."

"का सोडायची आहे?"

"मी कुठं बोल्ली सोडायची हाय? या पोरीनं आनली माना."

झालं, सुरुवातच अशी. दुसऱ्या दिवशी तिला ताप नव्हता, पण कापरं वाढलं. लग्नसराईचे दिवस होते आणि खालच्या रस्त्यावरून डीजे लावलेली वरात चालली होती. काचा थरथरत होत्या. जानीबाई खाटेवर उठून बसली आणि कानांवर हात ठेवून ओरडली, "बंद कर त्यांना! देव बसलंत अजून!"

"कुठे बसलेत?"

"मांडवात. कोनी जा बोल्ला नाय त्यांना. मांडव पन काढला वरचा. उन्हात बसलंत."

दारू एकाएकी सुटली की माणसाला भास होतात, हे आमचं रोजचंच. कुणाला भिंतीवर मुंग्या दिसतात, कुणाला दाराशी पोलीस, कुणाला मेलेला बाप. देव दिसलेला पेशंट मला नवीन होता, पण मी गोंधळले नाही. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी औषध वाढवलं. संध्याकाळी ती झोपली. आपण वेळेत ओळखलं, म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

मग कापरं थांबलं. जेवण जाऊ लागलं. वामनच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून तिने भांडण काढलं. आमच्याकडे पेशंट जेवणावरून भांडला की तो सुधारतोय असं धरतात. आजचा वार तिला सांगता येत होता, आपण कुठे आहोत हे सांगता येत होतं. भास केव्हाच थांबायला हवे होते. आणि एका सकाळी मी तिची वेणी घालत होते, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाय, त्या देवांचे पाय दुखत असतील गं."

दारूने तिचं डोकं कायमचं गेलं असावं असं मला वाटलं. त्या दुपारी सुनीता कंपनीतली पाळी संपवून आली, तेव्हा तिला व्हरांड्यात घेऊन मी हळूच सांगितलं, की आजीचे भास जात नाहीत, मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागेल. सुनीता म्हणाली, "सिस्टर, भास नाय ते. ती माझ्या लग्नाचं बोलतेय."

वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो, धवलेरी असते. ही बाई लग्न लावते, आणि मंत्रांच्या जागी तिची गाणी असतात. हळदीची गाणी, भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहितानाची गाणी, एकेका देवाचं नाव घेऊन त्याला मांडवात बोलावण्याचं गाणं. जानीबाईच्या रीतीत सगळं आटोपल्यावर आणखी एक गाणं असायचं. बोलावलेल्या देवांना मानाने उठवून परत पाठवण्याचं. जानीबाई आसपासच्या सगळ्या पाड्यांची धवलेरी होती. लग्नघरी धवलेरीला दारूचा मानाचा पेला देतात. हंगामात लग्नामागून लग्न, आणि प्रत्येक घरी मान. नवरा गेल्यावर हंगाम संपला तरी पेला थांबला नाही. मान घेता घेता ही बाई त्यात बुडाली होती, आणि ज्यांनी मान दिला त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही.

सुनीताचं लग्न आदल्या वर्षी पाड्यावर झालं. जानीबाईने देव बोलावले, सगळे बसवले, लग्न लागलं. आणि शेवटच्या गाण्याला ती उभी राहिली तेव्हा तिला पहिली ओळही आठवेना. ती तशीच उभी. नवरदेवाच्या मित्रांना वाटलं, म्हातारीचं आटोपलं. त्यांनी डीजे सुरू केला. लोक नाचायला लागले. संध्याकाळी मांडव सोडला.

"आमच्या तर लक्षातही आलं नाय," सुनीता म्हणाली. "मी तिला किती येळा सांगितलं, आजी, झालं ना लगीन, आमी सुखात हाव, आता सोड. तर आणखीच प्यायला लागली."

मी आत गेले. जानीबाई खाटेवर बसून आपली नखं बघत होती. मी विचारलं, "जाने, सुनीताचं लगीन राहिलंय का?"

तिने वर पाहिलं. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा तिने मला नीट पाहिलं असं मला वाटलं.

"कोनी काय बोल्ला नाय," ती म्हणाली. "एक जन तरी बोल्ला असता, जाने तू चुकलीस, तं माना बरा वाटला असता. सगली नाचली, बाय. पाव्हन्याला बोलावला नि जा बोलायला इसरली मी. कसा व्हैल?"

मला तिची इतकी माया आली की मी तिच्या शेजारी खाटेवर बसले. आमच्या वॉर्डात ते नियमात बसत नव्हतं. आपल्या हातून काम अर्धं राहिलं आणि जगाला त्याचा पत्ताही नाही, याच्याइतकं एकटेपण मी कुठल्या पेशंटमध्ये पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "पिऊन गाणं परत येईल का?"

"पिऊनच तं गेला."

"मग इथून गेल्यावर पहिलं काम काय करणार?"

"लगीन पुरा करीन," ती म्हणाली. विचार न करता म्हणाली.

मी धावतच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, वाढवलेलं औषध कमी केलं आणि म्हणाले, "सिस्टर, देवांना आणखी थोडे दिवस बसायला सांगा."

तेव्हापासून जानीबाई सकाळी स्वयंपाकघरात वामनजवळ तांदूळ निवडायला बसू लागली. सूप हातात आलं की गुणगुणायची. पहिलं गाणं, मग दुसरं, रोज थोडं पुढे. पुरुष पेशंट दाराशी येऊन उभे राहायचे. तिचा आवाज चिरका होता, गोड नव्हता, पण त्या गाण्यांना एक संथ चाल होती आणि त्या चालीत सगळ्यांचे खांदे सैल व्हायचे. तो काळ आठवला की मला आजही बरं वाटतं. कढईत फोडणी तडतडतेय, दर्यावरचा वामन डोंगराकडच्या देवांची नावं तिच्याकडून पाठ करून घेतोय, आणि मी रागावायचं नाटक करत दारात उभी आहे की इंजेक्शनची वेळ झाली. मात्र गाणी शेवटापर्यंत आली की सूप थांबायचं.

"पुढं काय, जानीबाय?" वामन विचारायचा.

"पुढं काळोख हाय."

डॉक्टर खोटं बोलत नसत. ते मला म्हणाले, दारूने गेलेलं काही परत येतं, काही येत नाही, आणि कुठलं काय हे आधी सांगता येत नाही. माझ्या जिवाला तेव्हापासून घोर लागला. तिच्याजवळ सोडण्याचं एकच कारण होतं आणि ते त्या गाण्यावर उभं होतं. गाणं आलं नाही तर ती पुन्हा पेल्याकडे जाणार, आणि त्या लिव्हरने आणखी एक फेरा सोसला नसता. मी सुचवलं, दुसऱ्या धवलेरीला विचार. ती म्हणाली, "दुसरीचा गाना दुसरीच्या देवांना." जिच्याकडून शिकली ती म्हातारी केव्हाच गेली होती. सुनीताने जुन्या लग्नांचे व्हिडिओ मिळवले. प्रत्येकात जानीबाई देवांना बोलावताना आहे, पाठवताना कुठेच नाही. पंगत बसली की व्हिडिओवाला कॅमेरा बंद करून आधी जेवायला पळतो, हे तेव्हा कळलं. मी त्या न पाहिलेल्या व्हिडिओवाल्यांना मनातल्या मनात चिक्कार शिव्या दिल्या.

ती बरी होऊन सुनीताकडे राहायला गेली. तपासणीला यायची तेव्हा मी आधी तिचा वास घ्यायची आणि मग नाडी बघायची. ती ओळखून होती. तोंड उघडून "हाऽऽ" करून दाखवायची. मग मी विचारायची, "आलं का?" आणि ती मान हलवायची. दर खेपेला तिचा चेहरा आणखी उतरलेला दिसायचा. ज्या दिवसाची मला भीती होती, तो जवळ येतोय असं वाटायला लागलं. आणि एक दिवस ती म्हणाली, "बाय, नाय येत. मंग नाय येत. त्यांना किती बसवू? या सुट्टीला उरकते. तू ये, वामनला पन आन."

बोईसरच्या चाळीतली सुनीताची ती एक खोली. दाराला उंबराची डहाळी, भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक, खाली गुळगुळीत पांढरी लादी. सुनीता आणि तिचा नवरा लग्नातले कपडे घालून अवघडून बसले होते. पाड्यावरची माणसं आली होती, चाळीतली हिंदी बोलणारी शेजारीपाजारी दारापर्यंत दाटली होती. आणि नवऱ्याच्या काकाने मोहाच्या दारूने भरलेला पेला जानीबाईसमोर ठेवला.

मी सुनीताला आधीच बजावलं होतं, घरात थेंब नको. ती रडवेली झाली. काका म्हणाला, "धवलेरीला पेला नाय दिला तं घराची इज्जत काय?"

"उचला तो," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," जानीबाई म्हणाली.

मी तिला बाजूला ओढलं. "तू पिणार नाहीस हे मला माहीत आहे. तुझ्या हाताला माहीत आहे का?"

तिने पेला उचलला. वारली माणूस पिण्याआधी पहिला थेंब जमिनीवर सांडतो, तो धरतरीचा. जानीबाईने पेला कलता केला, खाली पाहिलं आणि थांबली.

"हिथं धरतरी कुठं हाय?"

"सांड गं, पुसून घेऊ," सुनीताची सासू म्हणाली.

"फडक्यानं पुसशील? धरतरीला?"

आणि पेला हातात धरून ती बाहेर पडली. मागून मी, माझ्यामागून वामन, मग अख्खं लग्न. गॅलरीत लादी, जिन्यावर लादी, खाली अंगणभर सिमेंटचे ठोकळे. एक शेजारी विचारू लागला, "अम्मा, क्या ढूँढ रही हो?"

"मिट्टी," सुनीता म्हणाली.

"मिट्टी? यहाँ?" तो धावत जाऊन मिरचीचं रोप लावलेला रंगाचा डबा घेऊन आला.

"हा डबा झाला," जानीबाई म्हणाली आणि पुढे चालू लागली. लोक हसत होते. मला हसू येत नव्हतं. मोहाचा वास माझ्या नाकापर्यंत येत होता, तर तिच्या किती आत जात असेल. फाटकाबाहेर पाइपलाइनसाठी चर खणला होता आणि कडेला मातीचा ढीग होता. तिथे ती उकिडवी बसली. पहिला थेंब सांडला. रिवाज इथे संपत होता. उरलेला पेला तिचा होता.

ती पेल्याकडे बघत राहिली. वामनने माझा दंड घट्ट धरला होता. मग तिने पेला हळूहळू वाकडा केला, सगळाच. शेवटी उपडा करून झटकला.

"अगं, नि तुझा मान?" काका ओरडला.

"माझा मान तिनं घेतला. तुझी इज्जत ऱ्हेली ना? चल."

परत खोलीत येऊन ती चौकासमोर बसली आणि गायला लागली. देवांना पुन्हा बोलावलं नाही, ते तर बसलेलेच होते. त्यांची नावं घेऊन त्यांना थांबवल्याबद्दल काही म्हटलं असावं, मला सगळं कळलं नाही. मग ते ठिकाण आलं. ती थांबली आणि लोकांकडे वळली.

"फुडचा गाना माझेकडं नाय ऱ्हेला. दारूत गेला. खोटा मी गानार नाय. तो गाना जेवढा येळ चालं, तेवढा येळ आमी गप बसू."

आणि ती गप्प बसली. तिची बोटं तेवढी गुडघ्यावर त्या संथ चालीत हलत होती. नवऱ्याचा फोन वाजला, त्याने तो बंद केला. एमआयडीसीकडून कुठल्यातरी पाळीचा भोंगा झाला. शेजारचा तो मिरचीवाला हात जोडून उभा होता. सुनीताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. एवढ्या माणसांनी भरलेली खोली इतका वेळ गप्प बसलेली मी बोईसरमध्ये कधी पाहिली नव्हती.

जानीबाईची बोटं थांबली. तिने उजवा हात दाराच्या दिशेने केला. कुणी काही सांगितलं नव्हतं, पण दारात बसलेली माणसं दोन्ही बाजूंना सरकली आणि मधे वाट झाली. वामन भिंतीला चिकटून उभा राहिला. मीही माझे पाय जवळ ओढून घेतले.

ती बराच वेळ त्या वाटेकडे बघत होती.

"गेले," ती म्हणाली. "आथां माना च्या दे गं पोरी. साखर जास्ती घाल."